वारशाचा रकाना रिकामा ठेवून

मी ऑगस्ट २०२४ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातून अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील एका सरकारी विद्यापीठात पदवीसाठी आले, ऑक्टोबरमध्ये सोरोरिटीसाठी, म्हणजे विद्यार्थिनींच्या संघटनेसाठी, नाव नोंदवले, जानेवारीत निवडीच्या फेऱ्यांतून गेले आणि मार्चच्या अखेरीस सदस्य झाले. या सहा महिन्यांत मराठीतून विचारावे असे मला कोणीही सापडले नाही, म्हणून जे घडले ते क्रमाने लिहून ठेवत आहे. माझ्या सोरोरिटीचे नाव मात्र मी सांगणार नाही, कारण येत्या जानेवारीतील फेऱ्यांसाठी नव्या मुलींची मार्गदर्शक म्हणून माझी निवड झाली आहे आणि मार्गदर्शक मुलीने फेऱ्या संपेपर्यंत आपण कोणत्या घरच्या हे कोणालाही कळू द्यायचे नसते. त्यासाठी गेल्या महिन्यात मला इन्स्टाग्रामवरचे त्या घरातले सगळे फोटोही लपवावे लागले.

'घर' हा शब्द येथे वारंवार येईल. सोरोरिटीच्या विद्यापीठातील शाखेला चॅप्टर म्हणतात, पण बहुतेक शाखांची स्वतःची मोठी राहती घरे असल्यामुळे बोलताना सगळ्या जणी घरच म्हणतात. सोरोरिटी हा शब्द 'सोरोर', म्हणजे बहीण, या लॅटिन शब्दावरून आला आहे. एकोणिसाव्या शतकात ज्या महाविद्यालयांनी मुलींना नुकताच प्रवेश देऊ केला होता, तेथे वर्गातल्या चारदोन मुलींनी एकमेकींना धरून राहण्यासाठी काढलेले हे गट होते. इंडियानातीलच ग्रीनकॅसल येथे १८७० मध्ये स्थापन झालेली काप्पा अल्फा थीटा ही त्यांपैकी एक. ही माहिती मला नंतर मिळाली. येण्यापूर्वी माझ्या डोक्यात सोरोरिटी म्हणजे चित्रपटांतल्या श्रीमंत, सोनेरी केसांच्या, अभ्यासाशी फारसे देणेघेणे नसलेल्या मुलींची टोळी, एवढेच होते.

नाव नोंदवण्याची कल्पना माझी नव्हती. माझ्या वसतिगृहातील खोलीतली मुलगी अर्ज भरत होती आणि एकटीने जायला घाबरत होती. मी रसायनशास्त्राच्या वर्गात भारतीय मुलांबरोबर बसत होते, जेवत त्यांच्याबरोबर होते, शनिवारी किराणा आणायलाही त्यांच्याच गाडीतून जात होते, आणि आपण इतक्या लांब येऊन फक्त पत्ता बदलला आहे असे मला वाटू लागले होते.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. आमच्या विद्यापीठात दक्षिण आशियाई मुलींची एक लहान सोरोरिटीही आहे. अशा संघटना १९९८ च्या सुमारास सुरू झाल्या. त्यांपैकी डेल्टा फाय ओमेगा ही त्या वर्षी ह्यूस्टन विद्यापीठात स्थापन झाली. सप्टेंबरमध्ये मी आमच्याकडच्या त्या सोरोरिटीच्या माहिती-संध्याकाळी गेले होते. आठ-दहा जणी होत्या, समोसे होते, आणि कोणालाही माझे नाव दोनदा विचारावे लागले नाही. तरीही मी दुसरी वाट धरली, आणि तो निर्णय बरोबर होता की नाही याबद्दल माझे मन अजूनही पूर्ण स्थिर झालेले नाही. त्यांच्याकडे प्रवेशाची पद्धत वेगळी असते. पुढे मी ज्या फेऱ्यांचे वर्णन करणार आहे त्या १९०२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय पॅनहेलेनिक परिषदेच्या, म्हणजे सोरोरिटींच्या महासंघाच्या, २६ संघटनांच्या आहेत. यांपैकी चौदा संघटनांची घरे आमच्याकडे आहेत.

अर्ज ऑनलाइन होता आणि नोंदणीचे ७५ डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे ६,३०० रुपये, परत न मिळणारे होते. नाव, फोटो, उपक्रम आणि आवडीनिवडी यांपर्यंत सगळे सुरळीत गेले. मग शाळेतले गुण चारच्या मापात विचारले होते आणि माझ्याकडे बारावीचे टक्के होते. मी दोन दिवस वेगवेगळ्या संकेतस्थळांवर त्यांचे रूपांतर करत बसले आणि प्रत्येक ठिकाणी वेगळे उत्तर मिळाले. शेवटी विद्यार्थी-जीवन कार्यालयात गेले, तेव्हा तेथील बाईंनी शांतपणे सांगितले की तो रकाना सोडून द्या, आम्ही तुमच्या पहिल्या सत्राचे गुण पाहू. तुमची वेळ आली तर आधी कार्यालयात जा. त्याच अर्जात माझे गुण विद्यापीठाने सोरोरिटीला दाखवावेत अशी परवानगीही घेतली होती. तिच्यावर सही केल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही.

त्यानंतर वारशाचा रकाना आला. आई, आजी किंवा बहीण यांपैकी कोणी आमच्या संघटनांपैकी एखाद्या संघटनेची सदस्य आहे काय, असा प्रश्न होता. माझी आजी सातवी शिकलेली, आई बी.ए.च्या दुसऱ्या वर्षी लग्न झाल्यामुळे शिक्षण सोडलेली. रकाना ऐच्छिक आहे हे बाजूला लिहिलेले होते, तरी तो रिकामा ठेवताना आपण परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत कोरी जागा सोडतो आहोत असे वाटले.

घरी सांगितले तेव्हा आईचा पहिला शब्द होता, "रॅगिंग?" तिची भीती निराधार नव्हती. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे, आणि माझ्या चुलतभावाच्या अभियांत्रिकी प्रवेशाच्या वेळी त्याच्याबरोबर काकांनीही प्रतिज्ञापत्र भरून दिले होते. तसा काही कागद अमेरिकेत मिळतो का, असे तिने विचारले. येथे त्याला हेझिंग म्हणतात आणि त्यात मुले दगावल्याच्या बातम्या खऱ्या आहेत. योगायोगाने माझ्या फेऱ्यांच्या अडीचच आठवडे आधी, २३ डिसेंबर २०२४ रोजी, अशा प्रकारांची नोंद ठेवणे आणि ती जाहीर करणे विद्यापीठांना बंधनकारक करणाऱ्या राष्ट्रीय कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली. मी आईला ती बातमी वाचून दाखवली. तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "कायदा झाला म्हणजे काहीतरी होत असणारच की." विद्यापीठाने पूर्वी कोणत्या शाखांवर कारवाई केली याची यादी आमच्याकडे संकेतस्थळावर आहे. आईच्या समाधानासाठी मी ती वाचली, आणि तुम्हीही फेऱ्यांच्या आधी वाचावी.

डिसेंबरमध्ये सत्राचे गुण चारपैकी ३.४ आले. घरांची किमान अट २.७ च्या आसपास होती, त्यामुळे तो प्रश्न मिटला.

अनेक विद्यापीठांत या फेऱ्या ऑगस्टमध्ये, वर्ग सुरू होण्यापूर्वी होतात. आमच्याकडे त्या जानेवारीत, म्हणजे उणे आठ अंश तापमानात होतात. ९ आणि १० जानेवारीला चौदाही घरांना पंचवीस-पंचवीस मिनिटांची भेट होती. आमच्या गटात वीस मुली आणि एक मार्गदर्शक होती. आम्ही बर्फात रांगेने उभ्या राहायचो, ठरलेल्या मिनिटाला दार उघडायचे आणि आत पन्नास-साठ मुली टाळ्या वाजवत एका सुरात गात असायच्या. पहिल्या दारी मी दचकले, तिसऱ्या दारी मला भोंडला आठवला आणि त्यानंतर भीती गेली. काही गोष्टी पदरात बांधून घ्या: चांगले बूट पिशवीत ठेवा आणि चालताना बर्फाचे बूट घाला, घसा बसतो म्हणून कोमट पाण्याची बाटली जवळ ठेवा, आणि प्रत्येक भेटीनंतर रांगेतच कोणाशी काय बोलणे झाले याची दोन ओळींची नोंद करा, कारण नवव्या घरानंतर सगळ्या बैठकीच्या खोल्या सारख्याच दिसू लागतात.

पहिल्या दिवशी मी आईने शिवून दिलेले खणाचे जॅकेट घातले होते. हौसेने घातले आणि पस्तावले. सात घरांपैकी पाच घरांत जॅकेटवरच बोलणे झाले, तेथून ते भारतीय लग्नांवर गेले आणि एका ठिकाणी, अगदी प्रेमाने, माझे लग्न घरच्यांनी आधीच ठरवले आहे का अशी विचारणा झाली. आणखी दोन ठिकाणी मी डॉक्टर होणार हे गृहीत धरले गेले. मी पदवी मृदाशास्त्रात करते आहे हे सांगितल्यावर पुढे काय विचारावे हे त्यांना सुचेना. या मुलींना प्रशिक्षणातच काही विषय टाळायला शिकवलेले असते: मुलगे, दारू, धर्म, पैसा आणि राजकारण. ते पाच वगळून अनोळखी माणसाशी पंचवीस मिनिटे बोलायचे म्हटल्यावर अंगावरच्या कपड्यांचा आधार घेतला जाणारच. दुसऱ्या दिवशी मी साधा काळा स्वेटर घातला.

त्याच दिवशी बाराव्या घरात विस्कॉन्सिन राज्यातली एक उंच, सोनेरी केसांची मुलगी माझ्यासमोर बसली. माझ्या मनातल्या टोळीची ती पुढारी शोभली असती. तिने विचारले, तुमच्या घरी काय करतात. मी म्हटले, ऊस आहे आणि चार म्हशी. ती खुर्चीत सरसावून बसली. तिच्या वडिलांच्या गोठ्यात होल्स्टीन गाई होत्या, आणि म्हशीच्या दुधाला किती फॅट लागते हे तिने विचारले तेव्हा मी सात टक्क्यांच्या आसपास असे सांगितले. तिचा विश्वास बसेना, कारण तिच्या गाईंना चारही मुश्किलीने लागत होते. उरलेला वेळ आम्ही दुधाचा दर फॅटवर कसा ठरतो, डेअरीवाला माप कसे घेतो आणि पहाटे चार वाजता धारा काढणाऱ्या माणसाला सुट्टी कशी मिळत नाही यावर बोललो. ती यंत्र अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला होती. मी तिच्याविषयी दारातच ठरवून टाकले होते, आणि ज्यांनी मला जॅकेटवरून ओळखले त्यांच्यावर मी चिडले होते, या दोन्ही गोष्टी बाहेर रांगेत नोंद लिहिताना एकाच पानावर आल्या.

रात्री प्रत्येकीने आपल्या पसंतीचा क्रम भरायचा असतो आणि घरेही आपापली यादी भरतात. दोन्ही जुळवून दुसऱ्या सकाळी सात वाजता फोनवर वेळापत्रक येते. ११ तारखेच्या सेवाकार्याच्या फेरीसाठी दहापर्यंत घरे मिळू शकत होती, मला सहा मिळाली. १२ तारखेला, घर दाखवण्याच्या फेरीत, तीन. बाथरूममध्ये नळ सोडून मी दहा मिनिटे रडले हे लिहायला हरकत नाही. मार्गदर्शक मुलीने समजावले की प्रत्येक घराने किती जणींना सोडायचे हे मागील वर्षांच्या आकड्यांवरून ठरवून दिलेले असते. ते खरे आहे. पण माझ्या गटातल्या तिघी सावळ्या आणि काळ्या मुलींची वेळापत्रके इतरांपेक्षा आधी रिकामी झाली हेही मी पाहिले, आणि त्याचे उत्तर आकडेमोडीत मिळाले नाही. हा प्रश्न जुना आहे. याच बंद दारांच्या काळात १९०८ मध्ये वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात कृष्णवर्णीय विद्यार्थिनींनी अल्फा काप्पा अल्फा स्थापन केली, आणि १९१३ च्या जानेवारीत तेथेच स्थापन झालेल्या डेल्टा सिग्मा थीटाच्या मुली त्याच वर्षी ३ मार्चला मताधिकाराच्या मोर्चात चालल्या. त्यांची परंपरा आणि त्यांची प्रवेशपद्धत स्वतंत्र आहे.

सेवाकार्याच्या फेरीतली एक आठवण चांगली आहे. एका घरी शहरातील महिला आश्रय केंद्रासाठी साबण, टॉवेल आणि मुलांच्या चड्ड्या यांच्या पिशव्या भरता भरता एकीने विचारले, भारतात बायकांचे असे गट असतात का. मी तिला पंडिता रमाबाईंविषयी सांगितले: १८८७ मध्ये बोस्टनमध्ये त्यांच्या मदतीसाठी संस्था निघाली, अमेरिकेतल्या गावोगावच्या बायकांनी 'रमाबाई सर्कल' काढून वर्गणी जमवली, आणि त्या पैशांवर १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले. तिने चड्डीची घडी तशीच हातात धरून विचारले, "म्हणजे तेव्हा आम्ही तुम्हाला पिशव्या भरून दिल्या?" मी म्हटले, "पिशव्या तुम्ही भरल्या, पण काय भरायचे ते रमाबाईंनी सांगितले."

मधल्या आठवड्यात वर्ग सुरू झाले. १४ तारखेला संक्रांत होती आणि आईच्या पार्सलमधले तिळाचे लाडू होते. शनिवारी १८ तारखेच्या शेवटच्या फेरीला दोन घरांत जाताना ते घेऊन जावेत असे मनात आले, पण मार्गदर्शक मुलीने अडवले: कोणतीही भेटवस्तू चालत नाही, कागदाचा चिटोराही नाही. लाडू आम्ही वीस जणींनी रांगेत संपवले. या फेरीत दिवे मंद असतात, बोलणे हळू असते, एखादी सदस्य उभी राहून आपली गोष्ट सांगते आणि बहुतेक जणी रडतात. मला तो प्रकार जरा रचलेला वाटला. माझ्यासमोर मात्र पुन्हा विस्कॉन्सिनचीच मुलगी होती आणि तिने एवढेच सांगितले की दुसऱ्या वर्षी तिच्या वडिलांनी निम्मी जनावरे विकली तेव्हा तिने ते सहा आठवडे कोणालाही सांगितले नव्हते, आणि तिच्या खोलीतल्या मुलीने न विचारता तिच्या वाट्याची भांडी घासली होती.

त्या संध्याकाळी जो बंधनकारक करार करावा लागतो तो नीट वाचा. त्यात लिहिलेल्या घराकडून आमंत्रण आले आणि तुम्ही ते नाकारले, तर पुढच्या मुख्य फेऱ्यांपर्यंत त्याच विद्यापीठात दुसऱ्या घरी जाता येत नाही. एकच नाव लिहिण्याची मुभा असते, पण ते घर न मिळाल्यास हात रिकामा राहू शकतो. शेवटच्या फेरीत जितकी घरे मिळाली तितकी सगळी लिहिणे सुरक्षित. मी दोन लिहिली, आणि १९ तारखेला लिफाफ्यात निघालेले नाव माझ्या यादीत दुसरे होते. विस्कॉन्सिनचे घर पहिले असेल असे तुम्हाला वाटेल, पण नव्हते. मी पहिले नाव जरा अधिक नावाजलेल्या घराचे लिहिले होते, आणि ते का लिहिले याचा विचार मी त्या दिवशी केला नाही.

खोलीतल्या माझ्या सोबतिणीने दुसऱ्या फेरीनंतर माघार घेतली होती. तिने माझ्यासाठी कॉफी आणून ठेवली होती.

पैशांविषयी स्पष्ट लिहिते, कारण येथेच लोक गप्प बसतात. पहिल्या सत्राचे एकूण ८७० डॉलर, म्हणजे सुमारे ७५ हजार रुपये. त्यात नवसदस्य शुल्क, दीक्षा शुल्क आणि बिल्ला आला. नंतर घरात न राहणाऱ्या सदस्याला दर सत्राला ५४० डॉलर. टी-शर्ट वेगळे, आणि ते थांबत नाहीत. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांपर्यंत विद्यापीठातच काम करता येते, आणि ग्रंथालयातल्या माझ्या कामातून हा खर्च जेमतेम निघतो. हा आकडा आजीला सांगितला तेव्हा तिने भिशी चालवणाऱ्या बाईचा प्रश्न विचारला, "एखादीचा हप्ता चुकला तर काय करतात गं त्या पोरी?" मला माहीत नव्हते. दुसऱ्या दिवशी खजिनदार मुलीला विचारले, तेव्हा कळले की पाच हप्त्यांची सोय आहे आणि माजी सदस्यांच्या निधीतून मदतही मिळते, फक्त सत्राच्या दुसऱ्या आठवड्याच्या आत अर्ज करावा लागतो. तोपर्यंत पाच दिवस उरले होते. माझे हप्ते झाले.

नवसदस्यांचे आठ आठवडे बहुतांश कंटाळवाणे होते: इतिहास, घटना, सुरक्षिततेचे ऑनलाइन पाठ, ग्रंथालयात आठवड्याला सहा तास सहीनिशी अभ्यास. बंधुभाव, सेवा, विद्या, सचोटी असे शब्द भिंतीवर लावलेले होते आणि मी ते शाळेच्या भिंतीवरचे सुविचार वाचावेत तसे वाचत होते. फेब्रुवारीत प्रयोगशाळेचे काम लांबले म्हणून मी सोमवारची बैठक चुकवली. ४८ तास आधी अनुपस्थितीचा अर्ज भरायचा असतो हे माहीत असूनही भरला नव्हता. मला शिस्त समितीपुढे बोलावले. समोर चार मुली होत्या, वयाने माझ्याहून दोन वर्षांनी मोठ्या. मी प्रयोगाचे कारण लांबवून सांगू लागले, तेव्हा अध्यक्ष मुलगी म्हणाली की कारण योग्यच आहे, आम्ही फक्त एवढे विचारतो आहोत की तू कळवले का नाहीस. २५ डॉलर दंड झाला. मला राग आला. पण त्यानंतर कुठे येणार नसेन तर आधी कळवते, आणि बाबांना रविवारचा फोन करता येणार नसेल तर तेही.

खरे काय ते मार्चमधल्या एका शुक्रवारी कळले. आमच्याकडे आळीपाळीने दोघींनी रात्रभर शुद्धीत राहून गाडी आणि फोन सांभाळायचा असतो; घरात दारूला बंदी आहे, बाहेर नाही. मी एकवीस वर्षांची नाही आणि मी पीतही नाही, त्यामुळे मला ती पाळी सोपी वाटली. पहाटे दीडला एक फोन आला. आवाज ओळखीचा होता, पत्ता अनोळखी होता. मी गाडीत बसता बसता म्हणाले, "ती तिथे गेलीच कशाला?" गाडी चालवणारी विस्कॉन्सिनचीच होती, आता ती माझी 'बिग', म्हणजे नेमून दिलेली थोरली बहीण होती. तिने आरसा नीट केला आणि सांगितले की या गाडीत तो प्रश्न विचारायचा नाही, आज नाही आणि उद्याही नाही. त्या मुलीने स्वतः विषय काढला तर ऐकायचे. आम्ही तिला घेऊन आलो, पाणी दिले, एकीला तिच्याजवळ झोपवले आणि वहीत फक्त वेळ लिहिली.

माझ्या आयुष्यात हा प्रश्न मी असंख्य वेळा ऐकला होता आणि मैत्रिणींना विचारलाही होता. तो विचारायचा नसतो असे कोणी नियम म्हणून लिहून ठेवले असेल, ही कल्पनाच मला नव्हती.

दीक्षाविधी २९ मार्चला झाला. तो गुप्त असतो, म्हणून त्याविषयी लिहीत नाही. त्यात भीतीचे काहीही नव्हते एवढे आईला सांगितले आणि तुम्हालाही सांगते. उन्हाळ्यात गावी गेले तेव्हा माझी मावसबहीण क्लासहून येताना शेवटची एसटी चुकल्यामुळे रात्री साडेनऊला कोणाच्या तरी दुचाकीवरून घरी आली. ओसरीवर सगळे जमले होते. मी उठून तिला आत नेले आणि जेवायला वाढले. मावशी माझ्यावर अजून थोडी नाराज आहे.

यंदाची नोंदणी ऑक्टोबरमध्ये सुरू झाली आणि मार्गदर्शक म्हणून माझ्या वाट्याला अठरा मुली आल्या. परवा त्यांतल्या एकीचा संदेश आला. तिच्या घरातली कॉलेजात जाणारी ती पहिलीच, आणि वारशाच्या रकान्यात काय लिहायचे असे तिने विचारले होते. मी कळवले की तो रकाना ऐच्छिक आहे, मीही रिकामा ठेवला होता. आणि शुल्काच्या हप्त्यांसाठी खजिनदाराला पहिल्याच आठवड्यात विचार.